गाडी खाली बसवली आणि पुढची चाकं ऐकेनात

यावेळी वाचकांची तीनच पत्रं घेतलीत. पहिल्यालाच बरीच जागा जाणार आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न: दादा नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो, माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोजच्या वापराला बाइक आहे, ही गाडी फक्त ट्रॅक डे आणि ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेत ट्रॅफिक कोन लावून वेळेशी शर्यत) ठेवलीये. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकअप) टाकून पुढून ५० मिमी खाली घेतली. दिसायला एक नंबर झाली, पण कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर नेली तर आधीपेक्षा वाईट चालली. बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं कलणं, कमी व्हायचा सोडून जास्तच वाटला, वळणात पुढचं नाक बाहेर जातं, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड दोन सेशनमध्ये खाल्ली. मग ओळखीतल्या एकाने सांगितलं म्हणून २५ मिमी लांब पिनचे बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारे गोल सांधे) टाकले. रोल खरंच कमी झाला, पण आता जोरात ब्रेक मारला की गाडी डावी-उजवी नाचते, बारीकशा उंचवट्यावरसुद्धा स्टीअरिंग हातातून सुटल्यासारखं होतं. अलाइनमेंट दोनदा केलं, मशीनवर सगळं हिरवं दाखवतंय. स्प्रिंग अजून कडक टाकू का?

उत्तर: स्प्रिंगला अजिबात हात लावू नकोस. तुझी गाडी तुला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतेय, एक कोइमतूरला सांगितली आणि दुसरी बॉल जॉइंट बदलल्यावर, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे गाडी किती खाली आहे याच्याकडे आपण बघतो पण खालचा आर्म (बॉडीपासून चाकापर्यंत जाणारा आडवा दांडा) कुठल्या कोनात उभा आहे याच्याकडे कोणी बघत नाही.

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब आणि खाली एक आर्म. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनीअरने ही रचना आणली, १९५० पासून इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये ती दिसली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला तीच आहे कारण पार्ट कमी, जागा कमी, खर्च कमी. पण ही रचना कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपासच नीट वागते. कंपनीच्या उंचीला लोअर आर्म जवळपास आडवा असतो, बाहेरचं टोक म्हणजे बॉल जॉइंट आतल्या बुशपेक्षा थोडं खालीच. गाडी खाली आणली की बॉडीबरोबर आतलं टोक खाली येतं, बाहेरचं मात्र चाकाला बांधलेलं असल्यामुळे तिथेच राहतं, म्हणजे आर्म बाहेरच्या बाजूला वर चढलेला दिसतो. गाडीखाली वाकून बघ, तुझा तसाच असणार.

आता रोल का वाढला ते बघ. वळणात गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडीचं वजन जिथे एकवटलेलं धरतो तो बिंदू वर असतो आणि वळणाचा जोर तिथे लागतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे पहारीची लांबी समज, पहार जितकी लांब तितका दगड सहज उलथतो. गाडी ५० मिमी खाली आणली की वजनाचा बिंदू ५० मिमीच खाली येतो, पण रोल सेंटर त्याच्या दुपटीहून जास्त खाली पळतं.

मी हॅचबॅकला साधारण असतात तशी मापं धरून आकृती काढली, आर्म ३५० मिमी, दोन चाकांमधलं अंतर १४८० मिमी, कंपनीच्या उंचीला बॉल जॉइंट बुशपेक्षा १५ मिमी खाली. त्यात रोल सेंटर जमिनीच्या वर साधारण ८५ मिमी येतं. तीच गाडी ५० मिमी खाली घेतली तर ते जमिनीच्या खाली ४२ मिमी जातं! म्हणजे १२७ मिमीचा फरक. वजनाचा बिंदू ५२० वरून ४७० वर आला धरला तरी पहार ४३५ ची ५१२ झाली. गाडी खाली येऊनही जास्त का कलली याचं उत्तर एवढंच आहे. तुझ्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच.

टायरची कड खाल्ली तेही यातूनच. चाक वर जाताना ते वरच्या बाजूने आत झुकायला पाहिजे, म्हणजे बॉडी बाहेर कलली तरी टायर जमिनीवर सपाट राहतं. आर्म वर चढलेला असला की हे झुकणं कमी होतं, माझ्या आकृतीत २५ मिमीच्या हालचालीला ०.६ डिग्री मिळत होतं ते ०.३ वर आलं. आर्म आणि स्ट्रट एकमेकांना काटकोनात आले की झुकणं शून्य होतं, आणि त्याच्याही पुढे गेलं की चाक उलटं बाहेर झुकायला लागतं.

म्हणून लांब पिनचा बॉल जॉइंट टाकतात. बॉल २५ मिमी खाली गेला की आर्म परत आडवा होतो, माझ्या हिशोबात रोल सेंटर उणे ४२ वरून अधिक १६ वर आलं. तुझ्या ओळखीतल्या माणसाने चुकीचं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं. त्या आर्मच्या शेजारी टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, आहे ना, त्याला तू तिथेच सोडलंस.

चाक वर-खाली होतं तेव्हा लोअर आर्मचं बाहेरचं टोक एका गोलाईत फिरतं आणि टाय रॉडचं टोक दुसऱ्या गोलाईत. दोघांचा कोन सारखा असेल तर दोघं सारखेच आत येतात आणि चाकाचं तोंड सरळ राहतं. आता तुझा आर्म आडवा आणि टाय रॉड तसाच वर चढलेला. चाक २० मिमी वर गेलं की आर्मचं टोक १.१ मिमी आत येतं आणि टाय रॉडचं २.६ मिमी. मधला दीड मिमी कुठे जातो? स्टीअरिंगचा नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, वळवण्यात जातो. नकलचा दांडा १२० मिमी धरला तर चाक ०.७ डिग्री वळलं, तू स्टीअरिंग हलवलेलं नसताना. स्विफ्टचा रॅक एक्सलच्या मागे आहे त्यामुळे चाकाची मागची बाजू आत ओढली जाते आणि तोंड बाहेर जातं, म्हणजे टो-आउट. ब्रेक मारला की नाक खाली बसतं, दोन्ही चाकं एकदम तोंडं बाहेर फिरवतात, ज्या चाकावर वजन जास्त ते गाडी ओढतं, म्हणून नाचते. याला बंप स्टीअर म्हणतात, आणि अलाइनमेंटच्या मशीनला ते कधीच दिसणार नाही कारण मशीन उभ्या गाडीचं माप घेतं.

तुला घरीच बघता येईल. पुढची बाजू घोडीवर घे, स्ट्रट काढून स्प्रिंग वेगळी कर आणि नुसता स्ट्रट परत बसव, स्टीअरिंग सरळ ठेवून दोरीने आवळून टाक, अँटीरोल बारची (दोन्ही बाजू जोडून कलणं कमी करणारा दांडा) लिंक सोड. डिस्कवर अॅल्युमिनियमची सरळ पट्टी नटांनी कस आणि तिच्यावर हार्डवेअरच्या दुकानातला लेझर पुढे तोंड करून बांध, समोर तीन मीटरवर भिंत पाहिजे. हबखाली जॅक लावून १०-१० मिमीने वर घे आणि प्रत्येक वेळी ठिपका कुठे आलाय तिथे पेन्सिलने खूण कर. तीन मीटरवर ५ मिमी म्हणजे ०.१ डिग्री. वर-खाली सरकला तरी चालेल, आडवा सरकायला नको. आमच्या शेडच्या चुन्याच्या भिंतीवर अशा खुणांच्या रांगा अजून आहेत, चांगल्या गाडीची रांग ओळंब्यासारखी सरळ आणि बिघडलेल्या गाडीची विळ्यासारखी वाकडी. तुझ्या आताच्या सेटअपवर २० मिमीला ठिपका साडेतीन सेंटिमीटर सरकला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग करायचं काय. रस्ते दोन आहेत.

पहिला म्हणजे टाय रॉडचं टोकही तितकंच खाली आणायचं. टाय रॉड एंड काढून तिथे रॉड एंड बसवतात, ज्याला काही जण रोझ जॉइंट म्हणतात, आणि बोल्टवर स्पेसर टाकून तो खाली आणतात. बरोबर २५ मिमीच पाहिजे असं नाही, २-३ मिमीचे वॉशर कमी-जास्त करत भिंतीवरचा ठिपका सरळ चालेपर्यंत जायचं. पण इथे मला अगदी हात जोडून सांगायचंय. माझ्या मारुती एस्टीमला मी हे केलं होतं, २० मिमीचा स्पेसर आणि एकाच बाजूने धरलेला बोल्ट, बोल्ट साधा बाजारातला. चार-पाच इव्हेंट छान गेले. एकदा ऑटोक्रॉसमध्ये शेवटच्या ट्रॅफिक कोनला वळवलं आणि गाडी सरळच गेली, वेग कमी होता म्हणून वाचलो. उतरून बघितलं तर डावं चाक एकीकडे आणि उजवं दुसरीकडे. बोल्ट काढला तेव्हा जिथे आटे सुरू होतात बरोबर तिथे वाकलेला आणि वाकाच्या आतल्या बाजूला केसासारखी भेग. तो बोल्ट मी ठेवलाय, शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात देतो.

आपल्याकडे अंबड, सातपूरला लेथ आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) वाले इतके आहेत की काहीही ड्रॉइंग द्या, संध्याकाळपर्यंत पार्ट हातात येतो, आणि हेच चांगलंही आहे आणि धोक्याचंही. टर्नर दादाला माहीत नसतं हा पार्ट कशासाठी आहे, कपाटात एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा असला तर तो एमएसच लावेल. त्याला तोंडाने सांग की हा स्टीअरिंगचा पार्ट आहे, मटेरियल ईएन-२४ (मजबूत मिश्र पोलाद) पाहिजे आणि हीट ट्रीटमेंट करूनच पाहिजे. जिथे व्यास बदलतो तिथे टोकदार कोपरा नको, रेडियस पाहिजे, भेग नेहमी त्या कोपऱ्यातून सुरू होते. बोल्टवर कापणारा जोर जिथे येतो तिथे आटे येता कामा नयेत. जमलं तर दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रॅकेट कर. तयार झाल्यावर डीपी टेस्ट (रंग लावून बारीक भेगा शोधतात ती) करून घे, आणि तीच टेस्ट प्रत्येक दोन-तीन इव्हेंटनंतर. नकलचा दांडा गॅसवर तापवून वाकवणारे लोक मी बघितलेत, ते कोणी कितीही अनुभवी असलं तरी करू द्यायचं नाही, तापवला की त्याची ताकद गेली. बॉल जॉइंटच्या पिनवर वेल्डिंग तर बोलायलाच नको. स्टीअरिंगचा रॅकच वर उचलायचा असाही एक उपाय कागदावर बसतो पण कॉलमचा जॉइंट अडतो, त्यात पडू नकोस.

लांब बॉल जॉइंट लावलाय तर अजून दोन गोष्टी आजच बघ. रिमच्या आतल्या बाजूला आणि बॉल जॉइंटच्या खालच्या टोकात किती जागा आहे ते मातीचा गोळा चिकटवून चाक फिरवून बघ. आणि टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तर बॉल जॉइंट जमिनीला लागतो का, लागत असेल तर त्या रिमवर ती गाडी चालवायचीच नाही.

दुसरा रस्ता एका ओळीचा आहे, गाडी २० मिमी वर घे. वाचून तोंड वाकडं केलं असशील, पण त्याच आकृतीत बघ, गाडी कंपनीपेक्षा फक्त ३० मिमी खाली ठेवली आणि कंपनीचाच बॉल जॉइंट ठेवला तर रोल सेंटर अधिक ९ वर येतं. तू लांब बॉल जॉइंट लावून मिळवलंस ते १६. दोघांत ७ मिमीचा फरक! पहार थोडी लांब राहते, ४५४ ऐवजी ४८१, तेवढं अँटीरोल बार सांभाळेल. आणि टाय रॉड आर्मशी जुळलेला राहतो, एकही स्पेसर नाही, एकही लेथचा पार्ट नाही, कॉइलओव्हरची रिंग फिरवायला अर्धा तास. मी तुझ्या जागी असतो तर जुने बॉल जॉइंट परत टाकून आधी हेच केलं असतं आणि एक पूर्ण ट्रॅक डे असाच काढला असता.

उंची बदललीस की लोअर आर्मच्या आतल्या बुशचे बोल्ट ढिले कर, गाडी चाकांवर उभी करून दोन-चार वेळा दाब आणि मग आवळ. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला ती त्याची शून्य स्थिती, हवेत आवळला तर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे कोणी सांगत नाही.

शॉकअपच्या रॉडला एक केबल टाय हलकीच बांध आणि खाली सरकवून ठेव. ट्रॅकवरून आल्यावर ती बंप स्टॉपला जाऊन टेकलेली दिसली तर तुझी गाडी वळणात रबरावर बसतेय, आणि रबरावर बसली की पुढची पकड एकदम जाते. ५० मिमीवर मला खात्री आहे टेकली असणार.

कड खाण्यावर उपाय कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरच्या बाजूने झुकणं, आत झुकलं की उणे. स्विफ्टचा स्ट्रट नकलला दोन बोल्टने धरलेला असतो, त्यातला एक कॅम्बर बोल्ट टाकला की थोडं मिळतं, पण टायर वरून स्ट्रटकडे सरकतं, जागा बघ. बाकीचं वरच्या कॅम्बर प्लेटने घे. रोडच्या टायरवर ट्रॅकसाठी उणे २.५ ते ३ डिग्री, टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर) शून्य किंवा किंचित बाहेर. भोकं घासून लांब करून कॅम्बर काढू नकोस. आणि आकडा टायरला विचार, पिटमध्ये आल्या आल्या टोचायच्या थर्मामीटरने आत-मध्ये-बाहेर तापमान घे, आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते १० डिग्री गरम असेल तर कॅम्बर बरोबर, बाहेरची गरम असेल तर अजून पाहिजे.

आणि एक, बदल केलेली गाडी ट्रॅकवर ट्रेलरने ने. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टी बदलायला मनाई करतं, आणि ते सोडलं तरी द्वारका सर्कलच्या खड्ड्यांत रॉड एंडचं आयुष्य महिनाभराचं.

प्रश्न: मी पंचवटीतून लिहितोय, माझ्या मुलाची स्विफ्ट आहे. त्याने पुढच्या चाकांना १५ मिमीचे स्पेसर लावलेत. गाडी रुंद दिसते, पण स्टीअरिंग जड झालंय आणि एका बाजूला खड्डा आला की झटका बसतो. हे सुरक्षित आहे का हो?

उत्तर: साहेब, चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष जमिनीला जिथे लागते, आणि टायरचा मध्य जिथे लागतो, त्यातलं अंतर कंपनीने विचार करून ठेवलेलं असतं. १५ मिमीचा स्पेसर म्हणजे ते अंतर १५ मिमीने बाहेर सरकलं, म्हणून खड्ड्याचा धक्का स्टीअरिंगपर्यंत पोचतो आणि एक चाक वाळूवर, दुसरं डांबरावर असताना ब्रेक मारला तर गाडी ओढते. बेअरिंगवरही जास्त भार. पण मला त्याहून काळजी नटांची आहे. आज संध्याकाळी एक नट खोलून किती फेरे निघतो ते मोजा. स्टड १२ मिमीचा आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सव्वा मिमी, नट निदान १२ मिमी चढलेला पाहिजे, म्हणजे नऊ-दहा पूर्ण फेरे. पाच-सहा फेऱ्यांत हातात आला तर त्या गाडीवर मुलाला बसू देऊ नका, लांब स्टड टाका नाहीतर स्पेसर काढा. मी तर काढाच म्हणेन.

प्रश्न: दादा, मी सिन्नरचा. जिथे जातो तिथे अलाइनमेंटवाले म्हणतात कॅम्बर अॅडजस्ट होत नाही आणि फक्त टो करून पाठवतात. ट्रॅकला जायच्या आधी घरी मोजता येईल का?

उत्तर: येईल, आणि माझ्या मते चांगलं येईल, कारण घाई नसते. आधी जमीन. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आण, चार चाकांच्या जागी पाण्याची पातळी बघ आणि जिथे कमी तिथे फरशीचे तुकडे ठेवून चारही सारख्या कर. पुढच्या चाकांखाली दोन-दोन फरश्या, मध्ये ग्रीस आणि प्लास्टिकची पिशवी, म्हणजे चाक अडकत नाही, आपोआप बसतं. टाकी ट्रॅकला असते तितकी भरलेली, टायरची हवा सारखी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाइतकं काहीतरी, सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते त्यावरून अंदाज घे.

कॅम्बरला ओळंबा. रिमच्या समोर सोड, वरच्या कडेपर्यंतचं आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोज. १५ इंची रिमच्या दोन कडांत साधारण ४०० मिमी असतात, तिथे ७ मिमीचा फरक म्हणजे १ डिग्री, म्हणजे उणे २.५ हवं असेल तर साडेसतरा मिमी. वारा असला की ओळंबा हलतो, तो पाण्याच्या बादलीत बुडवून सोड.

टोला दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर गवंड्याची नायलॉन दोरी ताण, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर पाहिजेत, पुढे-मागे दोऱ्यांमधलं अंतर टेपने मोजून घे. हबच्या मध्यापासून डावी-उजवी सारखी ठेव, पण पुढच्या आणि मागच्या हबचं अंतर वेगळं येईल, ते चुकीचं समजू नकोस, पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर वेगळं असतं. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी आणि मागच्या कडेपासून दोरी, पुढचं अंतर कमी आलं तर टो-आउट. प्रत्येक चाक दोनदा मोज, मध्ये गाडी मागे-पुढे ढकलून, दोन्ही वेळेला अर्ध्या मिमीत जुळत नसेल तर चाक कुठेतरी अडकलंय, फरश्यांमध्ये अजून ग्रीस लाव. आणि आलेले आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसकट लिहून ठेव, म्हणजे कर्बवरून चाक आपटलं तर पिटमध्ये दहा मिनिटांत कळतं काय हललंय.